मागून येणारा बॅटरीचा उजेड

आमच्या गल्लीत कोणाला नाव नव्हतं. म्हणजे होतं, पण ते रेशनकार्डावर आणि मतदार यादीत. तोंडी चालायचं ते गाव. गल्लीच्या मध्यावरचे वडवणीवाले. त्यांच्यासमोरचे गडवाले, कारण ते नारायणगडाच्या पायथ्याचे. आणि आमचं घर चकलांबेवाल्यांचं. माझी बायको लग्नानंतर जेमतेम दोन महिने चकलांब्याला राहिली असेल, पण शेवटपर्यंत ती गल्लीची ‘चकलांबेवाल्या बाई’च होती. बीडमध्ये तीस वर्षं काढली, इथं नोकरी केली, इथूनच मुलीला सासरी पाठवलं, तरी कोणी गाव विचारलं की आम्ही सगळे जिथून उठून आलो त्या गावाचं नाव सांगायचो. ‘आमचं गाव बीड’ असं म्हणणारा माणूस त्या गल्लीत मला तरी भेटला नाही. बीड म्हणजे राहायची जागा.

मी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. चौकशीच्या खिडकीत बसायचं आणि भोंग्यावर गाड्या पुकारायच्या. दिवसभर माणसं काही ना काही विचारायची आणि मी त्यांच्या अंगावर खेकसायचो. “फलक लावलाय तो काय शोभेला?” हे माझं ठेवणीतलं वाक्य. बायको म्हणायची, कोणी विचारायला उरलं नाही म्हणजे कळेल तुम्हाला. मी रिटायर झालो, दोन वर्षांनी ती गेली, आणि मग मला कळलं.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी तीन दिवस तापाने पडून होतो. मुलगी पुण्याला असते. ती रोज फोन करते, आणि तिला मी “बरं चाललंय” म्हणालो, तो दोष माझा. पण तीन दिवसांत गेटची कडी कोणी वाजवली नाही. वाजवणार तरी कोण? वडवणीवाले घर विकून गेले होते. गडवाल्यांनी जुन्या घराच्या जागी तीन मजले चढवून खोल्या काढल्या, आणि स्वतः बायपासला बंगला बांधून तिकडं राहायला गेले. बाकीच्यांचंही तेच. गल्लीत आता सगळ्या भाड्याच्या खोल्या, आणि खोल्यांमध्ये पोलीस भरतीची पोरं, नर्सिंगच्या पोरी, फायनान्सवाले. त्या तापात मला एक भीती बसली. मरणाची नव्हे. मी इथं मेलो तर कोण मेलं, हे या गल्लीतल्या एकालाही सांगता येणार नाही, याची. ‘त्या घरातला कोणी म्हातारा’ म्हणून मरायचं माझ्या जिवावर येत होतं.

पूर्वी आमची गल्ली नऊला झोपायची. आता नऊला तिचा दिवस उजाडतो. तोंडावर दोन अभ्यासिका आहेत, त्या रात्रभर उघड्या. एक काळ्या काचांचा कॅफे आहे, त्याच्या आत काय चालतं हे विचारायचं माझं वय नाही. एक भुर्जीची गाडी आहे, ती एक जाडजूड मावशी चालवते आणि तिच्यापुढं चांगले चांगले दबकून असतात. शिवाय कोणाचा ना कोणाचा वाढदिवस रोज असतोच. रस्त्याच्या मधोमध मोटारसायकल लावायची, सीटवर केक ठेवायचा, आणि कापायला सुरी नाही, तलवार. वीतभर केक आणि हातभर तलवार. एकदा मी आवाज जरा कमी करा म्हणायला गेलो, तर एकाने “काका, झोपा” हे इतक्या मायेनं सांगितलं की मी खरंच घरी येऊन झोपलो. मुलगी फोनवर म्हणते, सातला गेटला कुलूप लावत जा. बीडच्या बातम्या तिला पुण्यात माझ्या आधी कळतात.

मी काही सातला कुलूप लावत नाही. जेवण झालं की बॅटरी घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर जातो. झोप येत नाही म्हणून चहा पितो, आणि चहा प्यालो म्हणून झोप येत नाही. त्या तापानंतरच्या पावसाळ्यात नालीच्या कामासाठी आमची गल्ली उकरून ठेवली होती, आणि त्या खोदकामात विजेचे दोन खांबही काढून टाकले होते. रिक्षावाले आत यायला तयार नसायचे. गडवाल्यांच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारी एक मुलगी रोज साडेदहाच्या सुमाराला कोपऱ्यावर रिक्षातून उतरायची. खाजगी दवाखान्यात नर्स होती. तिथून दीडशे पावलं अंधारात, खड्डे चुकवत तिला घर गाठावं लागायचं.

लोडशेडिंगच्या काळात आमच्या गल्लीत एक रीत होती. बाईमाणूस अंधारातून चाललेलं दिसलं की जो पुरुष मागून येत असेल त्याने आपल्या बॅटरीचा उजेड तिच्या पायापुढं टाकायचा. बोलायचं नाही, जवळ जायचं नाही, वीस पावलं अंतर ठेवायचं. ती दारात पोचली की वळून न बघता म्हणायची, “पोचले.” मग त्याने आपल्या घरी जायचं. माझी मुलगी शिकवणीवरून यायची तेव्हा तिला सगळ्या गल्लीने असा उजेड दाखवला आहे. मागं कोण आहे हे तिला बघावंही लागलं नाही.

एका रात्री मी तेच केलं. ती पुढं चालली होती, मी मागून बॅटरी लावली. तिने पाय उचलले. उजेड तिच्या पायापर्यंत पोचेना म्हणून मीही पाय उचलले. ती पळायला लागली, आणि मी, काय सांगू, मीही पळालो. हे लिहिताना आजही मला घाम फुटतो. ती जिना चढून गेली, वर दार आपटल्याचा आवाज आला. मी खाली धापा टाकत उभा राहिलो. तिने “पोचले” म्हणावं आणि मग घरी जावं, असा माझा विचार होता.

त्या पंधरवड्यात चोरांची टोळी आल्याची अफवा होती. रात्री आकाशात काहीतरी उडतं, घरं टेहळून जातं, असंही लोक सांगत होते. खोल्यांमधली पोरं काठ्या घेऊन गस्त घालायची आणि त्यांचा मोबाईलवर ग्रुप होता. त्या ग्रुपवर तिने कळवलं असणार. दोन मिनिटांत सहा-सात जण आले.

“कोन बे?” अंधारातून आवाज आला. मग मोबाईलचा झोत माझ्या तोंडावर पडला आणि पांढरे केस बघून आवाज जरा नरमला. “कोन हायेत तुमी? हितं कावून उभं राहिलेत?”

“घरी चाललोय.”

“घरी चालले तर त्या पोरीच्या मागं कावून पळायलते?”

“उजेड दाखवत होतो,” मी म्हणालो. त्यावर मागचा एक जण हसला.

“गाव कोनतं तुमचं?”

“चकलांबा,” मी म्हणालो. तीस वर्षांची सवय. मला वाटलं, आता मिटलं. आमच्या गल्लीत चकलांबा म्हटलं की डावीकडचं पाचवं घर, हे शेंबड्या पोराला माहीत होतं.

“मंग चकलांब्याचा मानूस रातच्याला बीडात काय करायलाय?”

“इथंच राहतो मी. तीस वर्षं झाली.”

“आमी दोन वर्सं झाली हितं हाव. आमी तर कदी बगितलं न्हाई.” आणि दुसऱ्याने विचारलं, “आडनाव काय?”

आडनावावर माझं डोकं फिरलं. हल्ली आमच्याकडं सगळं आडनावापासून सुरू होतं. चौकशीच्या खिडकीत मी एवढी वर्षं बसलो, पण कोणाला आडनाव विचारून गाडी सांगितली नाही. मी तोंड मिटून उभा राहिलो, आणि त्यामुळं त्यांचा संशय आणखी वाढला. एकाने वर तोंड करून हाक मारली, “ताई, ह्यांना वळखता का?” तिसऱ्या मजल्यावरची खिडकी किलकिली झाली. “न्हाई,” ती म्हणाली. खोटं नव्हती बोलली. आणि खरं सांगायचं तर समोरच्या सहा-सात जणांतल्या एकालाही मी ओळखत नव्हतो.

शेवटी मीच म्हणालो, चला, कुलूप उघडून दाखवतो. बॅटरी काखेत धरून स्वतःच्या घराचं कुलूप उघडायला गेलो, तर किल्ली लागेना. त्यांच्यातल्याच एकाने मोबाईल धरला. दार उघडलं, मी दिवा लावला. पालथी घातलेली एक ताटली, एक पेला, दोरीवर माझा पायजमा. पोरं दारातून बघत राहिली.

“काका, आदीच सांगायचं ना,” एक जण म्हणाला.

“आत या,” मी म्हणालो. “चहा टाकतो.”

“नको काका, अजून एक राऊंड राहिलाय.” आणि ते गेले.

मला खरं तर संताप यायला हवा होता. तो आला नाही. ती सगळी पोरं दारात उभी होती तेवढा वेळ माझ्या घरात माणसं असल्यासारखं वाटलं, आणि ते निघाले तेव्हा त्यांनी राहावं असं मला फार वाटलं. ज्यांनी चोर समजून पकडलं त्यांना मी चहाचा आग्रह करत होतो. सांगायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटीला जाताना ती मुलगी गेटपाशी आली. आत आली नाही. “काका, भुर्जीवाल्या मावशींनी सांगितलं, तुमी हितलेच हायेत म्हनून. मला माहीत नव्हतं.”

“चूक माझीच आहे,” मी म्हणालो आणि तिला ती जुनी रीत सांगितली.

“रीत चांगली असंल,” ती म्हणाली. “पन मागून उजेड आला की लई भ्याव वाटतं, काका. त्याला आपन दिसतो, आपल्याला तो दिसत न्हाई.”

एवढ्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. “मग काय करू?” मी विचारलं.

“तुमी फुडं चाला. मी मागून येते.” जाताना वळून म्हणाली, “मी वडवनीची. माजं नाव...”

“राहू दे,” मी हसून म्हणालो. “वडवणीवाली म्हटलं की पुरे. या गल्लीत नावं चालत नाहीत.”

त्यानंतर दिवाळी गेली, थंडी पडली, आणि आमचं ते चालणं सुरू राहिलं. मी टपरीवर चहा पीत थांबायचो. रिक्षा आली की उठून पुढं चालू लागायचो. मागं बघायचं नाही, हा माझा नियम. “डावीकडं खड्डा,” मी म्हणायचो. “हं,” मागून यायचं. कधी ती दवाखान्यातली एखादी गंमत सांगायची, कधी दमलेली असली की काहीच बोलायची नाही. जिन्याशी आली की म्हणायची, “पोचले, काका.” दीडशे पावलं, दोन-तीन मिनिटं. माझा अख्खा दिवस त्या तीन मिनिटांच्या तयारीत जायचा. दाढी रोज करायला लागलो, हे मी मुलीला सांगितलं नाही.

थंडीत मला पुन्हा ताप आला आणि एक रात्र मी टपरीवर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गेटची कडी वाजली. ती दारात उभी होती. “काल कावून दिसले न्हाईत?” तिने हात धरून नाडी बघितली, गोळ्या दिल्या, काही खाल्लं का विचारलं. मी तिच्यावर खेकसलो, मला काय धाड भरलीय म्हणून. ती गेल्यावर उशीत तोंड खुपसून मी लहान मुलासारखा रडलो. माझी भीती त्या दिवशी गेली.

संक्रांतीनंतर भावकीत एक जण वारला. त्याच्या तेराव्याला मी चकलांब्याला गेलो आणि दोन दिवस राहिलो. परत आलो त्या रात्री रिक्षा आली नाही. सुट्टी असेल म्हटलं. चार रात्री मी टपरी बंद होईपर्यंत थांबलो. पाचव्या दिवशी भुर्जीवाल्या मावशीला विचारलं.

“ती पोरगी व्हय? तिला संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली,” मावशी म्हणाली. “ऐतवारी सामान घेऊन गेली की. तुमच्या गेटला येऊन गेल्ती, तर कुलूप होतं.”

“नाव काय हो तिचं?” मी विचारलं.

“मला काय ठावं? मी ताईच म्हनत होते.”

संभाजीनगरला दवाखाने कमी नाहीत, आणि वडवणीवाली म्हणून तिथं कोणी कोणाला ओळखत नसणार. मी घराकडं निघालो. नालीचं काम संपलं होतं. गल्लीत नवे पांढरे दिवे लागले होते आणि गस्त केव्हाच बंद पडली होती. गडवाल्यांच्या जिन्याखाली एक पोरगा मोटारसायकलवर बसून मोबाईल बघत होता. त्या रात्रीच्या सहा-सात जणांतला असेल किंवा नसेल, मला सांगता येईना. मी त्याच्यासमोर थांबलो.

“नाव काय रे तुझं?” मी विचारलं.

त्याने मान वर केली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “कावून? काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “मी इथंच राहतो. पलीकडं.”

“बरं,” तो म्हणाला, आणि मला जायला वाट हवी असेल असं समजून त्याने मोटारसायकल थोडी मागं घेतली.