मोहितेंची सायकल पास होईना

कंपनीत स्क्रॅप आणि किस्से, दोन्ही रोज साठतात. स्क्रॅप निदान भंगारवाला येऊन घेऊन जातो. किस्से न्यायला कोणी येत नाही, मग ते आमच्या डोक्यात पडून राहतात आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीची बस अडकली की बाहेर येतात. बस रोज अडकते, त्यामुळे आमच्याकडे किश्शांना तोटा नाही. गेलं वर्षभर मात्र विषय एकच होता. मोहिते साहेबांना स्वस्तातली माउंटन बाइक घ्यायची होती.

मोहिते साहेब, बिराजदार, तापकीर आणि मी, आम्ही चौघे क्वालिटी डिपार्टमेंटचे. बाहेरून आलेला माल तपासायचा, मापात असेल तर पास, नसेल तर लाल टॅग लावून परत, हे आमचं काम. आता अशा माणसांनी सायकल घ्यायला निघू नये, हे आम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं.

*

आधी मोहिते कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

कधीकधी माल मापात नसतो, पण लाइन बंद पडायची वेळ आलेली असते. मग डेव्हिएशनचा कागद निघतो. म्हणजे माल चुकलेला आहे हे आम्हाला माहीत आहे, तरी चालवून घेतो, असं लिहून कोणीतरी सही करायची. सगळ्या कंपन्यांत चालतं हे. मोहितेंनी आयुष्यात अशी एकही सही केली नाही.

एकदा प्लांट हेड स्वतः कागद घेऊन खाली आले. बाहेर ट्रक उभा, कस्टमरचे फोनवर फोन. मोहितेंनी कागद शांतपणे वाचला आणि परत दिला. म्हणाले, "सर, पेन घरी राहिलंय."

पेन त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. प्लांट हेडना ते दिसत होतं, आम्हाला दिसत होतं. ट्रक रिकामा गेला आणि मोहितेंचं प्रमोशनही त्याच ट्रकमधून गेलं, असं आम्ही म्हणायचो.

*

मोहितेंना शुगर निघाली. जुनीच असणार, तपासली नव्हती इतकंच. संत तुकाराम नगरमध्ये त्यांच्या घराजवळच्या डॉक्टरांनी बजावलं, "पायांची संवेदना कमी झाली आहे. गुडघ्यांमुळे चालणं होत नसेल तर सायकल घ्या, पण आजच्या आज काहीतरी सुरू करा. नाहीतर पुढे पायावर बेतेल."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मोहितेंनी हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, "साधी घ्या ना साहेब, घरापासून गार्डनपर्यंत."

"साधी नको. आपले रस्ते बघितलेत? माउंटन बाइकच लागणार. आणि एक अट आहे. बाकी सगळं बघू, फ्रेम माझ्या मापाचीच पाहिजे."

मोहिते उंचीला कमी. ड्रॉइंग बोर्डासमोर उभं राहायला ते लाकडी पाट घेतात. त्यामुळे अट रास्तच होती. डॉक्टरांचे 'आजच्या आज' हे शब्द मात्र सगळेच विसरले.

*

बिराजदार लातूरकडचा. त्याला एक्सेलचं वेड. त्याने सायकलींची शीट बनवली. फ्रेम स्टीलची की अलॉयची, गिअर किती, डिस्क ब्रेक आहे का, पुढचं सस्पेन्शन खरं की शोभेचं, प्रत्येकाला मार्क. रोज बसमध्ये चर्चा. कोणीतरी रात्री एखादा व्हिडिओ बघून यायचा आणि सकाळी सगळे मार्क बदलायचे.

उन्हाळा गेला, गणपती आले, तेव्हा कुठे एक मॉडेल पहिलं आलं. बिराजदारने तिथल्या तिथे ऑर्डर करायला मोबाइल काढला आणि त्याचं तोंड उतरलं. मॉडेल बंद झालं होतं.

मोहिते म्हणाले, "बरं झालं. चांगलं असतं तर बंद कशाला केलं असतं?"

बिराजदारने कपाळावर हात मारला. "अवो साहेब, आपलं ठरू ठरू ते बंद पडलं बगा."

*

मग चिंचवडच्या दुकानात गेलो. मोहितेंनी पिशवीतून मापं घ्यायचा व्हर्नियर काढला, त्यामागून डायल गेज. डायल गेज म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारं घड्याळ. सायकल उलटी करून, चाक फिरवून ते घड्याळाकडे बघत बसले. स्वस्त सायकलचं चाक थोडं डुगडुगणारच. एक रिजेक्ट, दुसरी रिजेक्ट, तिसरी रिजेक्ट.

दुकानदाराने चहा मागवला होता. तो पिऊन झाला, कप उचलले गेले. शेवटी त्याने हात जोडले. "साहेब, एक विचारू? तुम्ही गिऱ्हाईक आहात का धाड आहे?"

*

तापकीर आमच्यातला धीर नसलेला. चऱ्होलीचा, घरची शेती होती तिथे आता टॉवर आहेत. आमची चर्चा ऐकून वैतागला आणि त्याने स्वतःसाठीच एक ऑनलाइन मागवून टाकली. खोक्यातून निघाली, हँडल आणि पुढचं चाक यानेच बसवलं आणि महिनाभर चऱ्होलीभर हिंडला.

एका सकाळी तो थांब्यापर्यंत सायकलवर आला. मोहितेंनी बसच्या खिडकीतूनच विचारलं, "तापकीर, फोर्क उलटा का बसवलाय?"

खरंच उलटा होता. रोज मायक्रॉनमध्ये माल नापास करणारा माणूस पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, मागे तोंड करून महिनाभर चालवत होता.

"आयला," तापकीर म्हणाला, "मी म्हनलं डोंगरातली हाय, आशीच आसंल."

सगळी बस हसली. पण तो महिनाभर सायकल चालवत तरी होता. हे मला फार उशिरा सुचलं.

*

देहूरोडला एक फौजी बदलीवर निघाला होता. त्याची माउंटन बाइक विकायची होती. आम्ही चौघे रविवारी गेलो. सायकल काय ठेवली होती राव! चेन चकाचक, चाक सरळ, गिअर लोण्यासारखे पडत होते. मोहिते बसले आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीला टेकले. फ्रेम बरोबर मापाची.

मोहितेंनी डायल गेज लावलं. काटा हलला नाही. त्यांनी पुन्हा लावलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना गोंधळलेलं पाहिलं. माल नापास करायची त्यांना सवय होती, पास कसा करायचा हेच सुचेना.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले.

बिराजदार मागून कुजबुजला, "आता कामून विचार करलालाव साहेब, घ्या की." त्यांनी ऐकलं नाही. "इतकी चांगली असून विकतोय, म्हणजे काहीतरी असणार," असं परतीच्या वाटेवर म्हणाले. बदली झाली म्हणून विकतोय, हे फौजीने त्यांना समोर सांगितलं होतं.

पुढच्या रविवारपर्यंत ती गेली.  मला त्या वेळी फक्त चीड आली. 

*

मोहितेंच्या सेफ्टी शूजमध्ये खडा गेला होता. शिफ्टभर ते त्यावर चालले. त्यांना कळलंच नाही. घरी वहिनींनी मोज्याला रक्त पाहिलं. जखम भरली नाही, चिघळली, आणि उजव्या पायाची तीन बोटं काढावी लागली.

ऑपरेशननंतर चार दिवसांनी, संध्याकाळी आम्ही तिघे बसमधून उतरलो आणि कोणी काही न ठरवता चिंचवडच्या त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने आम्हाला ओळखलं आणि दचकला. तापकीर म्हणाला, "आज काय बी बगायचं न्हाई. जी हाय ती दे." समोर उभी होती ती घेतली, तापकीरने घरून मागवलेल्या पिकअपमध्ये टाकली आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये नेली.

वहिनी मोहितेंना व्हीलचेअरवरून खाली घेऊन आल्या. पायाला मोठं बँडेज होतं.  सायकल बघून त्यांनी हाताने खुर्ची पुढे घेतली आणि सवयीने सुरुवात केली. चाक फिरवलं. फोर्क बघितला, तो सरळ होता. ब्रेक दाबून पाहिले. मग फ्रेमचा आडवा दांडा वितीने मोजला, पुन्हा मोजला आणि मान वर करून आमच्याकडे बघितलं.

"फ्रेम मोठी आहे," ते म्हणाले. "माझ्या मापाची नाही."

तापकीर दुसरीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "साहेब, मापात नाही तर उद्या परत करतो."

मोहिते सायकलकडे बघत होते. मग स्वतःच्या पायाकडे बघितलं.  त्यांचा हात छातीशी गेला, पण हॉस्पिटलच्या सदऱ्याला खिसा नव्हता.

"पेन आहे का रे कोणाकडे?" ते म्हणाले.