सोमवारी काढलेली अक्कलदाढ

एका दाढेबद्दल लिहायला बसलो आहे, याचा मला संकोच वाटतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि चारचौघांनी वाचावं असं तर कोणी काही लिहिलंच नव्हतं. ज्यांनी लढे दिले, तुरुंग पाहिले, त्यांनी आठवणी लिहाव्यात. मी फक्त एक दाढ काढून घेतली, आणि त्यानंतरचं पथ्यही मला नीट पाळता आलं नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

गोवा वेगळं राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. मी कोरगावहून बसने म्हापशाला कॉलेजात जात होतो, शेवटच्या वर्षाला होतो. सरकारी कचेरीतल्या कारकुनाच्या जागेसाठी मी अर्ज केला होता आणि मुलाखतीचं पत्र आलं होतं. मुलाखत पणजीला, शुक्रवारी. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा आजवर कोणी नव्हता. त्यामुळे त्या जागेसाठी आईने सोळा सोमवार धरले होते. दहा झाले होते.

नेमकी त्याच वेळी माझी खालची अक्कलदाढ सुजली. शुक्रवारपर्यंत तोंड ताळ्यावर यावं म्हणून मी सोमवारी सकाळीच म्हापशाच्या दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. दाढ आडवी होती. ती काढताना डॉक्टरांना घाम फुटला, आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची मनातल्या मनात माफी मागत होतो. शेवटी त्यांनी कापूस ठेवला आणि सांगितलं, अर्धा तास घट्ट चावून धर, दिवसभर थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, तोंडात येईल ते गिळायचं. थुंकलास तर गाठ धरणार नाही, रक्त थांबणार नाही. मी मान डोलावली. शिकलेल्या माणसाने काहीही सांगितलं तरी मान डोलवायची मला सवय होती.

दुपारी घरी पोचलो. कापूस काढला तर लाल. मी सांगितल्याप्रमाणे गिळलं. ते आईने पाहिलं.

"रगत गिळलंस?"

मी डॉक्टरांचं नाव पुढे केलं.

"आज सोमार. रगत पोटात घालशील तर माझो उपास खंय उरलो?"

तिचं म्हणणं असं, की उपास तिचा असला तरी फळ मला मिळायचं आहे. म्हणून सोमवारी मी मासे खायचे नाहीत. मासे तळलेला तवासुद्धा त्या दिवशी चुलीजवळ येत नसे. आणि रक्त, मग ते स्वतःचं का असेना, शाकाहारी नव्हे. माझा विषय राज्यशास्त्र होता. त्यात यावर उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणून पाहिलं, की डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं आहे. त्यावर ती म्हणाली, डॉक्टरांना आज वार कुठला ते ठाऊक नसेल.

मग मी गोठ्यामागे एक करवंटी घेऊन बसलो आणि थुंकू लागलो. एकदा थुंकलं की तोंड पुन्हा भरायचं, म्हणून पुन्हा थुंकायचो. अकरावा सोमवार माझ्या हातून मोडता कामा नये, एवढंच डोक्यात होतं. तिन्हीसांजेला बाबा काजूच्या बागायतीतून आले आणि पेल्यात हुर्राक घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. काजूच्या या ताज्या दारूची एक चूळ भरली की काहीही थांबतं, असं त्यांचं मत. आईने आतूनच विचारलं, सोमवारी? बाबा पेला घेऊन परत गेले. त्या पेल्याचं पुढे काय झालं हे तिने विचारलं नाही.

मंगळवारी सकाळीही रक्त येतच होतं. मी बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन म्हापशाच्या बसमध्ये बसलो. त्या काळी बसमध्ये मराठी की कोंकणी हा वाद पेडण्याला सुरू होऊन म्हापशाला संपायचा. माझ्या एका बाजूला मराठीवाले होते, दुसऱ्या बाजूला कोंकणीवाले, आणि कॉलेजचा मुलगा म्हणून दोघांनी मला निवाडा करायला सांगितलं. तोंड भरलेलं. मी दोघांकडे पाहून हुंकार दिला. उतरताना दोन्ही बाजूंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

डॉक्टरांनी तोंडात पाहिलं आणि किती वेळा थुंकलास असं विचारलं. मोजलं नाही, म्हणालो. कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, अकराव्या सोमवारासकट. डॉक्टर बार्देशचे ख्रिस्ती गृहस्थ होते. हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. हातातला चिमटा खाली ठेवून त्यांनी थोडा विचार केला.

"आयज मंगळार मरे," ते म्हणाले. "आयज गिळ."

त्यांनी एक टाका घातला आणि नवा कापूस ठेवला. या वेळी मी तो अर्ध्या तासाऐवजी दीड तास चावून धरला, आणि कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा नुसता म्हापशाच्या विरुद्ध दिशेला हात केला. दुपारपर्यंत रक्त थांबलं. सूज मात्र चढली. बुधवार, गुरुवार मी गार पेज आणि दुधात भिजवलेले पाव यांवर काढले. आरशासमोर उत्तरांचा सराव करायला गेलो तर तोंड एका बोटापुरतंच उघडत होतं.

शुक्रवारी मुलाखतीला तिघे जण होते. माझ्या गालाकडे त्यांनी आळीपाळीने पाहिलं. मधल्या साहेबांनी विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? या प्रश्नाचं उत्तर मी आठवडाभर घोळवलं होतं, चांगलं पाच मिनिटांचं. त्यातलं एवढंच बाहेर पडलं, की बोलतो एक, लिहितो एक. त्यांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मी कागद मागून लिहून दिलं. कडेच्या साहेबांनी तो कागद बराच वेळ धरला आणि मधल्यांना म्हणाले, अक्षर चांगलं आहे, कचेरीत बोलायला कोण सांगतंय. मला ती स्तुती वाटली नाही. खाली उतरल्यावर मांडवीच्या काठावर बसून राहिलो. घरी जाऊन आईला सांगितलं, की त्यांनी फारसं विचारलं नाही.

दीड महिना काहीच कळलं नाही. पोस्टमन रोज आमच्या दारावरून पुढे जायचा आणि आई रोज त्याला पाणी हवं का विचारायची. यादी पणजीच्या कचेरीतल्या फळ्यावर लागली होती, पण आम्ही पत्राचीच वाट पाहत होतो. माझा मामा डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा. सुट्टी घेऊन तो परस्पर पणजीला जाऊन आला होता, हे आम्हाला माहीत नव्हतं. एका दुपारी तो कामावरून तसाच, खाणीच्या लाल धुळीने माखलेला, अंगणात आला. आधी त्याने पाणी मागितलं. सगळा तांब्या रिकामा केला.

"नाव आसा," तो म्हणाला. "शेवटसून दुसरां. डिचोलीची कचेरी. एक तारखेक हजर रवाक सांगलां."