बाबालालची पक्कड गंजावी म्हणून

इमामबी हसायची ती पदर तोंडावर धरून. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत तिला मोकळ्या तोंडानं हसताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्याचं कारण विचारायची कुणाची छातीही नव्हती. बाई तशी तिखट.

तिचं गाव कोडोली. शाहू महाराज गादीवर येऊन चारपाच वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. पोर सोळा-सतराची, गगनबावड्याच्या घरात निकाह ठरलेला, आणि नेमका समोरचा एक दात ठणकायला लागला. बाजाराच्या दिवशी कोल्हापूरचा बाबालाल तिथं येऊन बसायचा. पुढ्यात चादर आणि चादरीवर आजवर उपटलेल्या दातांचा ढीग, हीच त्याची पाटी. त्या दिवशी गर्दी होती, गड्याला घाई होती. त्यानं पक्कड घातली आणि दुखऱ्या दाताच्या शेजारचा धडधाकट दात उपटला. आता चूक माणसाच्या हातून होते. पण चूक कळल्यावर निदान ‘चुकलो पोरी’ म्हणावं की नाही? यानं तो दात ढिगात टाकला आणि मुकाट्यानं दुखराही काढला. दोन दातांचं खिंडार घेऊन इमामबी घरी आली. गगनबावड्याची माणसं एकदा बघून गेली ती परत फिरकलीच नाहीत. पुढंही कुणी विचारलं नाही.

मग ती मंगळवार पेठेत खैरुनबीकडं राहायला आली. खैरुनबी तिची खाला, म्हणजे मावशी. हिरड्यांचं औषध करायची. बाबालालचं दुकान तिथून चार घरं सोडून. पहिल्याच दिवशी ते बघून इमामबी खालेला म्हणाली, “त्याची पक्कड गंजली पायजे. मी बगत बसणार हाय.”

“खुळी हाईस,” खाला म्हणाली. पण औषध शिकवलं. बाभळीची साल, तुरटी, लवंग, अक्कलकारा. हिरडीतनं रक्त येवो की पू, दोन आठवड्यांत आवळून यायची. खालेच्या मागं इमामबीच ते औषध द्यायला लागली.

तेवढ्यानं बाबालाल कसला बुडतोय! दुखणी काय हिरडीचीच असतात? म्हणून इमामबीनं अख्खं कोल्हापूर पालथं घातलं आणि कोण काय बरं करतो ते हुडकून काढलं. कुणी गाल धरून गल्लीत शिरला की ही उंबऱ्यातूनच हाक मारायची, “पावणं, हिकडं या. आ करा बगू.”

आणि मग एकेकाला वाट दाखवून द्यायची. दात नुसता हलतोय? गुंडू सोनाराकडं जावा, तो बारीक तारेनं शेजारच्या दाताला बांधून देतोय. कीड लागलीय? हाफिजा भुईरिंगणीच्या बियांचा धूर देती, ठणका बसतोय. भोक मोठं असलं तर छावणीकडं एक नवा डाक्टर आलाय, पायानं यंत्र फिरवून कीड कोरतोय आणि वर चांदी भरतोय. तान्ह्या पोराला दात येताना ताप भरला, तर झुंबरबाई हिरडीला मध आणि टाकणखार चोळती. म्हातारीला भाकरी चावंना? वीरभद्र शिंगाच्या फण्या करतोय, तोच कवळी कोरून देईल. उपटण्यावाचून गत्यंतर नसलेल्याला ती सरळ मिरजेच्या दवाखान्यात धाडायची, आगगाडीनं. चार घरांवर बाबालाल बसलेला असताना!

लोक म्हणायचे, केवढी पुण्याची बाई. पुण्य कसलं बोडक्याचं. प्रत्येक वाचलेल्या दातामागं बाबालालच्या पोटावर एक पाय पडत होता, आणि ती त्याच चवीवर जगत होती. बाबालालला वाटायचं, ही धंद्यातली चढाओढ. हळूहळू तो दुकानात माशा मारत बसायला लागला, मग तेही सोडलं.

आणि एका दुपारी तोच तिच्या दारात आला. म्हातारा झालेला, एक गाल सुजून डोळा बारीक झालेला. हातात पक्कड.

“लवंग झाली, अक्कलकारा झाला,” तो म्हणाला. “माझा मला निघंना, इमामबी. हात कापतोय. तूच वड.”

इमामबीनं पक्कड हातात घेतली आणि तोंडात बघितलं. दाढ मुळापर्यंत सडलेली. तिला हसू फुटलं आणि पदर धरायचं राहूनच गेलं.

बाबालालनं बारीक झालेल्या डोळ्यानंही ते खिंडार हेरलं. “म्होरचं दोन? कुठल्या गाढवानं काढलं गं?”

“कोडोलीचा बाजार. चादरीवर ढीग. एक चांगला उपटला, मग दुखरा,” ती म्हणाली. “तुमीच, चाचा. माझं लगीन मोडलं त्यापायी.”

त्यानं खरोखर आठवून पाहिलं. मग मान हलवली. “लई बाजार केलं पोरी. न्हाई आठवत.”

तो खोटं बोलत नव्हता, तेच तिला झोंबलं. नाकारलं असतं, भांडला असता, तरी चाललं असतं. इतकी वर्षं तिनं डूख धरला आणि याच्या गावीही नाही! तिनं त्याची पक्कड त्याच्याच हातात परत दिली.

“ह्याला औषध न्हाई. काढायलाच पायजे. दात काढणारा ह्या पेठेत एकच हाय, बाबालाल म्हणत्यात त्याला. त्याच्याकडं जावा.”

तिनं कडी घातली. तो तिथंच पायरीवर बसून कण्हत राहिला आणि ती दाराला पाठ लावून ऐकत राहिली. बरं वाटत होतं, पण जन्मभर वाट बघितली तेवढं नाही, आणि याबद्दलही तिला त्याचाच राग आला. थोड्या वेळानं त्यानं बाहेरून पाणी मागितलं. तेही तिनं दिलं नाही.