सुनेला विचारलेला पहिला रकाना

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागले की मला मध्ये थांबता येत नाही!

आणीबाणीचं साल. सांगलीत ग्रामसेविका तयार करणाऱ्या एका वर्गावर मी नवी कोरी शिक्षिका. वय चोवीस, पदवी पुण्याची आणि तोरा असा की विचारू नका. घराघरांत जाऊन काम करायला कोण तयार आहे आणि कोण नाही, हे मी ठरवणार! त्यासाठी मी विचारायच्या प्रश्नांचा आणि गुणांचा एक तक्ताच आखला होता.

त्या दिवशी परीक्षा होती कमलची. पाटणकडची, नवऱ्यानं टाकलेली, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लेखी परीक्षेत कशीबशी तरलेली. गृहभेटीत नापास झाली तर भावाच्या दारात परत जायचं, आणि भावजय तिला कशी वागवते हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

आटपाडीजवळच्या एका वाडीत आम्ही एका घरी गेलो. म्हातारी सासू तूर निवडत बसलेली, सून दाराशी उभी. कमल तिच्या शेजारी बसली आणि स्वतःही निवडायला लागली! मेंढरांच्या गप्पा झाल्या, म्हातारीच्या गुडघ्यांच्या झाल्या, पण तक्त्यातला प्रश्न एकही नाही. मी भराभर शून्यं मांडली. शेवटी राहवेना. हिला दाखवूनच देऊ म्हटलं. पेन उघडलं आणि सुनेला पहिला रकाना विचारला, "मालकांचं नाव काय?"

आता सांगा, सासूसमोर कुठली सून नवऱ्याचं नाव घेईल? तिनं पदर पुढे ओढला. मी आवाज चढवला, "नाव सांगा. आणि मुलं किती झाली?"

त्या साली कागद-पेन घेऊन कुणी हे दोन प्रश्न विचारले, की लोकांना एकच कळायचं. नसबंदीची यादी! मागच्या परड्यात धप्पकन आवाज झाला. मालक कुंपणावरून उडी टाकून पळाले होते. पाच मिनिटांत वाडीतले झाडून सगळे बाप्ये ज्वारीच्या शेतात!

मी पेन मिटून उठलेच. कमल मात्र जागची हलली नाही. तूर निवडता निवडताच म्हणाली, "आत्ती, आमी यादीवाल्या न्हाई. पोरांची वजनं करायची, बाळंतिणीची इचारपूस करायची, एवढंच काम हाय. आज त्याचीच परीक्षा हाय. खोटं निघालं तर मला हितंच बांधून घाला."

म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि बांधावर जाऊन हाका घातल्या. एकेक बाप्या अंग झाडत परत आला. सुनेनं आपलं तान्हं आणून कमलच्या मांडीवर ठेवलं, मग शेजारणी आल्या, अंगण भरलं. जिंकली हो माझी कमल! मी सगळी शून्यं खोडली आणि पैकीच्या पैकी गुण दिले. इतका आनंद मला स्वतःच्या पदवीचाही झाला नव्हता.

निघताना म्हातारीनं कमलला बाजूला घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, त्या पोरीला नापास करू नगा. अजून ल्हान हाय. शिकंल हळूहळू."

कमलनं मला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बरं आत्ती," ती म्हणाली, "तुमी म्हनताय म्हनून करते पास."