रोकबेर्नालचा शिक्का

रेझिस लापेरने माझं कार्ड परत केलं त्याला या उन्हाळ्यात नऊ वर्षं होतील. त्या दिवशी पाऊस होता, व्हेर्नाद गावच्या बेकरीवालीने ओल्या कागदावर शिक्का मारला आणि शेवटची दोन अक्षरं पसरली. रेझिसने चष्मा कपाळावर सरकवला, भिंग काढलं, कारणाच्या रकान्यात 'अस्पष्ट' एवढा एकच शब्द लिहिला आणि सही ठोकली. साठातली माझी एकोणसाठ गावं चोख होती. मुदत संपायला चार दिवस उरले होते आणि माझा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आमच्या मोंतारेलच्या सायकल क्लबचं हे कार्ड म्हणजे एक जुनं खूळ आहे. आसपासच्या डोंगरांत किल्ल्यांची साठ गावं आहेत. प्रत्येक गावात सायकलने जायचं, तिथल्या दुकानदाराकडून किंवा ग्रामकार्यालयातून गावाचं नाव असलेला शिक्का कार्डावर मारून घ्यायचा, आणि हे सगळं दहा वर्षांत उरकायचं. शेवटी मिळतो तांब्याचा एक बिल्ला, ज्याच्या बदल्यात बाजारात कोणी अर्धा पाव देणार नाही. पण त्या बिल्ल्यासाठी माणसं संसार सोडून चढ चढत बसतात. मीही बसले.

कार्डं तपासायचं काम बावीस वर्षं रेझिसकडे आहे. वय बहात्तर, अंगाने काटकुळा, सायकलचा सदरासुद्धा इस्त्री करून घालणारा. उभं आयुष्य त्याने रेल्वेत तिकिटं तपासली. निवृत्त झाला तो फक्त गाडीतून उतरला, तपासणं काही सुटलं नाही. दुसऱ्या क्लबांमध्ये आता गावाच्या पाटीपुढे सायकलचा फोटो काढला तरी चालतं. आमच्याकडे तो ठराव आला तेव्हा याने उभं राहून विरोध केला. "फोटो कोणीही मोटारीतून जाऊन काढेल," म्हणाला. ठराव पडला.

तरीही मी तीस वर्षं रविवारी त्याच्याचबरोबर निघते. तो चढावर बडबडत नाही आणि पंक्चर काढताना कोणाला शिकवत नाही. माझा नवरा म्हणतो, "त्याच्याबरोबर डोंगर चढतेस आणि घरी येऊन मला शिव्या देतेस. उलटं करून बघ एकदा."

या वसंतात रेझिसच्या स्वतःच्या कार्डावर एकच घर रिकामं होतं, रोकबेर्नालचं. चढ सगळ्यात वाईट म्हणून त्याने ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मुदत होती पंधरा जूनपर्यंत. बहात्तराव्या वर्षी पुन्हा नवं कार्ड सुरू करून दहा वर्षं कोण धरून चालतो? हे तो बोलला नाही, पण एप्रिलपासून सायकलची साखळी दातांच्या ब्रशने घासायला लागला, त्यावरून मला कळलं.

एप्रिलातल्या एका रविवारी आम्ही पहिल्यांदा गेलो. जायलाच अडतीस किलोमीटर. शेवटचे तीन तर असे की सगळ्यात हलका गिअर टाकूनही पेडल दगडासारखं लागतं आणि मागून येणारी मेंढरं पुढे निघून जातात. वर पोचलो तर कॅफेच्या दाराला फळ्या ठोकलेल्या. बेकरीचं राहतं घर झालेलं. टपालपेटीचं तोंड चिकटपट्टीने बंद. किल्ला कुठल्याशा परदेशी दंतवैद्याने विकत घेतलाय, तो वर्षातून तीन आठवडे येतो.

"दहा वर्षांपूर्वी इथे तीन दुकानं होती," रेझिस म्हणाला.

"दहा वर्षांपूर्वी यायचं होतंस मग."

ग्रामकार्यालयाच्या दारावर कागद होता: फक्त गुरुवारी, नऊ ते अकरा.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी आम्ही पहाटेच निघालो. साडेनऊला वर. दार बंद. रेझिसने ठोठावलं, मागच्या बाजूने फिरून आला, घड्याळ पाहिलं, पुन्हा ठोठावलं. मग चर्चमधून गाण्याचा आवाज आला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. येशूच्या स्वर्गारोहणाचा सण दर वर्षी गुरुवारीच येतो. साऱ्या देशाला सुट्टी आणि हे दोघे शहाणे ऑफिस उघडायची वाट बघत उभे. निवृत्त माणसाला सगळे वार सारखेच, पण हा माणूस चाळीस वर्षं रेल्वेत होता, सुट्टीच्या गाड्यांचं वेळापत्रक त्याला पाठ होतं.

"तुला तरी आठवायला हवं होतं," तो म्हणाला.

"मला? कार्ड माझं आहे का?"

उतारावर आम्ही एकमेकांपासून शंभर हात अंतर ठेवून गेलो. खाली येऊन पाव आणि डुकराचं मांसही वेगवेगळ्या बाकांवर बसून खाल्लं.

तिसऱ्यांदा गेलो ते दोन जूनला. या वेळी दार उघडं होतं. आत एक तरुण बाई, समोर संगणक, बाजूला शिक्क्याची गादी. रेझिसने कार्ड रुमालातून काढलं आणि लग्नाची पत्रिका द्यावी तसं तिच्यापुढे ठेवलं. तिने हसून शिक्का उचलला. मारणार, इतक्यात याने तिचा हात अडवला.

"जरा बघू."

शिक्क्यावर होतं, 'क्वात्र-तूर'.

"हे काय आहे, मादाम?"

"आमचं ग्रामकार्यालय, मस्यू. चार गावं एकत्र केलीत ना, तीन वर्षं झाली. नाव क्वात्र-तूर."

"मला रोकबेर्नाल हवंय."

"हेच रोकबेर्नाल."

"मग लिहिलेलं का नाही?"

"मस्यू, आता त्या नावाची ग्रामपंचायतच नाही. जुना शिक्का रद्द होऊन वरच्या कचेरीत जमा झाला." मग तिने समजुतीने विचारलं, "तारीख पण टाकून देऊ का?"

मी म्हटलं, "घे रेझिस. घे आणि चल."

"नियमात गावाचं नाव पाहिजे."

"गाव बदललं त्याला तू काय करणार?"

"गाव बदललं नाही. नाव बदललं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. अडतीस किलोमीटर येणं, अडतीस जाणं, तेही तीनदा. त्या पोरीने हातात दिलेला शिक्का हा माणूस परत करतो. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, तशातली गत. मी बाहेर पडले आणि सायकल उचलली.

समोरच्या पायरीवर एक म्हातारी मटार सोलत बसली होती. नव्वदीच्या पुढची असेल, तिचं नाव मादाम कासान्य. तिने आमच्याकडे पाहून विचारलं, "तिसऱ्यांदा आलात. काय हरवलंय?"

"शिक्का हवाय, मादाम," मागून आलेला रेझिस म्हणाला. "रोकबेर्नाल लिहिलेला. कुठलाही चालेल."

"ती आतली मुलगी देते की."

"तिच्या शिक्क्यावर क्वात्र-तूर आहे."

"ते कुठं आलं?"

"इथेच, मादाम. तुम्ही त्यातच राहता."

"मी?" तिने मटाराची शेंग खाली ठेवली. "मी नाही राहत."

तिच्या नवऱ्याचं किराण्याचं दुकान होतं, पंचवीस वर्षांपूर्वी बंद झालं. ती भिंतीला धरत आत गेली. आत बराच वेळ खडखडाट चालला, आणि ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात लाकडी मुठीचा शिक्का. त्यावर उलट्या अक्षरांत 'कासान्य किराणा, रोकबेर्नाल'. रेझिसने रुमाल पायरीवर पसरून त्यावर कार्ड ठेवलं. मी धावत ऑफिसातून शाईची गादी आणली. सगळा राग विसरून आणली, हे कबूल करते.

म्हातारीने स्वतः शिक्का मारला, दोन्ही हातांनी दाबून. उचलला तेव्हा रबराचे तुकडे कागदावर पडले. इतक्या वर्षांत ते वाळून विटकरीसारखं ठिसूळ झालं होतं. गावाच्या नावातलं कार्डावर उमटलं ते फक्त 'रोक', आणि पुढे एक निळा डाग.

मग म्हातारीने रेझिसच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि डागाशेजारी, शाळेत शिकवतात तशा वळणदार अक्षरांत, उरलेलं 'बेर्नाल' लिहिलं. खाली सही केली. "मी इथेच जन्मले," ती म्हणाली. "एवढं पुरे होईल ना?"

"आभारी आहे, मादाम," रेझिस म्हणाला. पुरे होईल, असं तो म्हणाला नाही. मोठी शेंग निवडून तिने आम्हाला दोघांना कच्चे मटार खायला दिले.

परतताना मी वाटभर एकच विचार करत होते. बघूच आता. नऊ वर्षांपूर्वी माझी दोन अक्षरं पसरली होती, याचं तर अर्धं नावच गेलं. वर हाताने लिहिलेलं. मान्य करू दे त्याला, मग क्लबच्या सभेत सगळ्यांसमोर माझं कार्ड काढते की नाही ते बघा.

कार्ड तपासलं की पहिली सही तपासनिसाची आणि दुसरी सेक्रेटरीची लागते. सेक्रेटरी चार वर्षांपासून मी आहे. त्यामुळे सोमवारी संध्याकाळी क्लबच्या खोलीत आम्ही दोघंच बसलो होतो. रेझिसने स्वतःचं कार्ड स्वतःपुढे ठेवलं. एकोणसाठ घरांवरून एकेक करून भिंग फिरवलं, जणू कोणा परक्याचं कार्ड आहे. साठाव्यावर आला आणि थांबला.

"अडकलास?" मी विचारलं.

त्याने 'अमान्य'च्या चौकटीत फुली मारली. मारताना हात अजिबात हलला नाही. मग पेन कारणाच्या रकान्यावर नेलं आणि तिथे मात्र बसून राहिला. इतका वेळ की मी उठून खिडकी लावली, दिवा लावला, परत येऊन बसले, तरी रकाना रिकामाच.

"लिही की. 'अस्पष्ट'. तुझा आवडता शब्द आहे."

"तसं लिहिलं तर खोटं होईल," तो म्हणाला. "त्या बाईंनी स्पष्ट लिहिलंय."

शेवटी त्याने लिहिलं: 'गाव आहे. गावातली बाई भेटली. शिक्का उरला नाही.' बावीस वर्षांत त्या रकान्यात त्याने एका शब्दापेक्षा जास्त लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. खाली सही करून त्याने कार्ड माझ्याकडे सरकवलं. त्याचे डोळे ओले होते आणि मला त्याची दया आली, हे मला मुळीच आवडलं नाही.

"ईव्हेत," तो म्हणाला, "तुझ्या वेळी मी एका शब्दात उडवून लावलं. ते चुकलं माझं."

"मग करतोस का आता मान्य?"

तो विचारात पडला. खरंच पडला, मी पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "अस्पष्टच होता तो."

मी पेन घेतलं आणि त्याच्या सहीखाली माझी सही केली. हा माणूस स्वतःसाठी तरी कधी लबाडी करेल, याची मी नऊ वर्षं वाट पाहत होते. आता चढावर रागवायचं कुणावर, हे मला कळेना.