काचेवरची मसूर

निवृत्त होऊन बारा वर्षं झाल्यावर वेधशाळेतून बोलावणं येतं, तेव्हा काम किचकट असणार हे धाकटीनं ओळखलंच होतं. तसंच निघालं. पूर्वी आकाशाचे फोटो काचेवर घेत. स्वच्छ काच, त्यावर निगेटिव्हसारखे काळे तारे. मोजणीच्या बायका काचेच्या पाठीवर शाईनं खुणा करायच्या. आता त्या काचा संगणकात उतरवायच्या होत्या, आणि यंत्राला शाई चालत नव्हती.

धाकटी आणि तिची ताई इथेच एका टेबलाशी तीस वर्षं बसल्या. ताईला टाक चावायची खोड.

"शाईनं पोट भरणारेस का?" धाकटी चिडवायची.

"तू मोज. तोंड नंतर चालव."

काय दिवस होते ते!

तीनशे काचा धाकटीनं झपाझप पुसल्या. मग एक काच हातात आली आणि हात अडला. दीर्घिकांच्या दाट समूहात, कडेला, एका ठिपक्याभोवती शाईचं निळं कडं. शेजारी ताईच्या बारीक अक्षरात 'मसूर'. कड्यातली ही दीर्घिका भोवऱ्यासारखी नाही की चेंडूसारखी गोल नाही, नुसती मसुरीच्या दाण्यासारखी मधे फुगलेली तबकडी. तेव्हाच्या विभागप्रमुख साहेबांनी तिला काचेवरचा डाग ठरवलं होतं. ताईनं दुसरी काच काढून त्याच जागी तोच ठिपका दाखवला, तेव्हा साहेबांनी मान्य केलं. यादीत नाव मात्र स्वतःचं लावून मोकळे. ताईनं हसून सोडून दिलं. धाकटीला ते अजून झोंबत होतं.

ताईला जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या हातचं आता एवढंच उरलं होतं.

"काकू, शाई राहिली तर यंत्र हा ठिपका मोजणारच नाही," तंत्रज्ञ मुलगी हळूच म्हणाली.

धाकटीला रडू आलं. पण मसूर डागच राहिली असती, तर ताईनं धाकटीला कधी माफ केलं नसतं. तिनं कापूस ओला केला आणि कडं पुसलं, मग अक्षरं.

पडद्यावर शेकडो ठिपके आले. "आता कुठला तो?" मुलगी गोंधळली. धाकटीनं भिंगही न घेता बोट ठेवलं.

"शोध कुणाचा? यादीत साहेबांचं नाव आहे," मुलगी म्हणाली.

"यादी चुकलीये. मघाशी पुसलं ते अक्षर माझ्या ताईचं होतं. दोन्ही काचा दाखवते तुला."

मुलीनं दोन्ही काचा पाहिल्या, नोंदीचा रकाना उघडला. धाकटीनं ताईचं पूर्ण नाव सांगितलं, आणि शेवटचं अक्षर उमटेपर्यंत ती मुलीच्या खुर्चीमागून हलली नाही.