पुढची सीट

हूरिया म्हणजे आमच्या ओपोटिकी गावातल्या किवीफळांच्या शेडमधली डोळ्यांत तेल घालून तपासणारी बाई. बावीस वर्षं पेट्यांवरची लेबलं बघतेय. एक आकडा चुकला तरी अख्खी खेप माघारी धाडील. घरातही तोच खाक्या. त्यामुळे जपानहून आलेली जुनी गाडी घेताना तिनं ‘मी बघितलंय, एअरबॅगची काही भानगड नाही’ असं सांगितलं, तेव्हा पुन्हा विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्या सकाळी तिचा धाकटा भाऊ तूरेई आईला त्याच गाडीतून घाटापलीकडच्या गिझबर्नला घेऊन निघाला. मावशी वारली होती. आई ऐंशीची, म्हणजे पुढच्याच सीटवर. आमच्यात वडीलधाऱ्या माणसाला मागं बसवणं म्हणजे त्याचं सामान करणं.

पाऊण तासानं हूरिया चुलतभाऊ पेटाच्या गॅरेजात डोकावली. बोलता बोलता गाडीचा विषय निघाला.

“एअरबॅग तपासताना नंबर कुठला टाकलास गं?” पेटानं विचारलं.

“काचेवरचा, सतरा आकडी. काही निघालं नाही.”

“निघेल कसं? तो इथं बंदरावर उतरल्यावर दिलेला नंबर. जपानातल्या कंपनीला तो काय डोंबल कळणार? इंजिनाजवळच्या पट्टीवरचा टाकायचा असतो.”

गाडी पेटाकडंच दुरुस्तीला यायची, त्यामुळे त्याच्या वहीत तो आखूड नंबर होता. हूरियानं फोनवर टाकला आणि लाल अक्षरं आली. चालकाशेजारची एअरबॅग परत मागवलेली. उघडताना फुटून धातूचे तुकडे उडू शकतात, त्या सीटवर कुणालाही बसवू नका.

तिनं तिथूनच फोन लावला. तूरेईचा फोन लागेना. वाटेवरच्या वायोएकाच्या घाटात रेंज कसली आलीय? नुसती वळणं, दरडीचे दगड आणि लाकडांचे ट्रक.

“मीच बसवलं रे तिला तिथं,” ती म्हणाली.

“घाट संपल्यावर मातावाई गाव लागतं, तिथल्या हॉटेलात फोन लाव. चहा घेतल्याशिवाय म्हातारी पुढं जायची नाही.”

हॉटेलवाली म्हणाली, अजून आले नाहीत, आले की निरोप देते. हूरिया दारात उभी राहिली, आत आली, परत दारात गेली. पंचवीस मिनिटं झाली. ती एअरबॅग फुटायला एक धक्का पुरे होता.

फोन वाजला. हॉटेलमधून तूरेई बोलत होता. “ताई, निरोप मिळाला. पण आई मागं बसत नाही. म्हणते, बहिणीच्या दारात मी पोत्यासारखी मागून उतरणार नाही.”

“दे तिला.”

“काय गं,” आई म्हणाली, “तू तपासलीस ना गाडी? मग कुणाचं काय ऐकायचं?”

“आई, मी चुकले,” हूरिया म्हणाली. “ भलताच नंबर टाकला आणि सगळ्यांपुढं मिरवलं. बस मागं. पाया पडते तुझ्या.”



“तू तपासलीस म्हणून मी घाटभर पट्टा सैल करून झोपले होते,” आई हळूच म्हणाली, आणि फोन तूरेईला देऊन मागच्या सीटवर जाऊन बसली.

हूरियानं फोन खाली ठेवला आणि गॅरेजातल्या जुन्या टायरवर बसून ती ढसाढसा रडली.